बैलगाडी, कंदील, चिंच

नूतन भंगाळेच्या आईचं एकच गाऱ्हाणं होतं, पोरीच्या पायाला भिंगरी आहे. मानसशास्त्र शिकली, चांगली नोकरी लागली. पण धुळ्याच्या इस्पितळातला वॉर्ड सोडला, जळगावचं व्यसनमुक्ती केंद्र सोडलं, वरणगावची शाळा सोडली, आणि आता काय, तर दर गुरुवारी बोदवडच्या दवाखान्यात जाऊन बसायचं! एका जागी टिकेल तर शपथ, असं आई फैजपूरभर सांगत फिरायची. बिचारीला खरं कारण ठाऊक नव्हतं.

कारण होतं धुळ्याचं. पहिल्याच वर्षी वॉर्डात हिलाल आबा आले. मुलंबाळं नव्हती, भाच्याने आणून सोडलं होतं. विसरभोळेपणा किती वाढलाय हे बघायला अशा माणसाला तीन शब्द सांगतात, आणि पाच मिनिटांनी विचारतात. नूतनने आबांच्या ओळखीचे शब्द निवडले, बैलगाडी, कंदील, चिंच. "ध्यानात ठेवा आबा, मी आलेच विचारायला." तेवढ्यात खालून निरोप आला, एका पोरीने विषारी औषध घेतलंय, तिचे आईबाप कुणाला आवरत नाहीत. नूतन धावली. त्यात संध्याकाळ झाली, आणि पुढे दोन दिवस रजा, बहिणीचा साखरपुडा. बस पारोळ्याच्या पुढे गेल्यावर तिला आठवलं, अगं बाई, आबांना विचारायचं राहिलंच. मग स्वतःशीच हसली. चाचणीच ती, परवा पुन्हा घेऊ.

परवा खाट रिकामी होती. वॉर्डातल्या नर्स प्रमिलाबाईंनी सांगितलं ते असं. आबा दोन दिवस अन्नाला शिवले नाहीत, पाण्याचा घोट त्यांनी घेतला नाही. सलाईन लावली, पण हृदय आधीच थकलेलं. ओठ मात्र सारखे हलत होते. पाणी दिलं की मान फिरवायचे. गिळताना शब्दही पोटात जातील, म्हणाले. शेवटचं बोलले ते एवढंच, "बठ्ठं ध्यानमा शे. बाई येतीन ना इचाराले?" सगळं ध्यानात होतं म्हणे.

त्या दिवसापासून नूतनने ते तीन शब्द कुणाला दिले नाहीत.

पण शब्दांनी तिला सोडलं नाही. जळगावच्या केंद्रात दारू सुटताना भ्रमात गेलेला एक ड्रायव्हर रात्रभर पुटपुटत होता. तिने कान जवळ नेला, आणि महिन्याभरात राजीनामा दिला. वरणगावच्या शाळेत, वर्षभर न बोलणाऱ्या एका मुलीला तिने चित्र काढायला दिलं. मुलीने बैलगाडी काढली, कंदील काढला, वाकडी चिंच काढली, आणि नूतनकडे बघत बसली. कुणीतरी विचारेल म्हणून बसावं तशी.

नूतनला भीती वाटायचीच, पण भीतीपेक्षा लाज जास्त वाटायची. म्हातारा तहानलेला गेला, आणि तोही आपल्या शब्दाखातर. ही टोचणी घेऊन ती गावं बदलत होती.

त्या गुरुवारी वैशाखातली दुपार होती. बोदवडच्या रस्त्यावर कुत्रंसुद्धा नव्हतं. लाइट गेलेली, पंखा थांबलेला, फिनेलचा वास दाटून आलेला. शेवटच्या पेशंट नर्मदाबाई, जवळच्याच खेड्यातल्या. सून सपना घेऊन आली होती. सासूबाई चुलीवर दूध ठेवून विसरतात, परवा तर नातवाचं नाव विसरल्या, म्हणत होती. नूतनने नेहमीसारखे शब्द दिले, केळी, दोरी, मांजर. इकडचं तिकडचं बोलली. पाच मिनिटं झाली.

"आजी, सांगा आता, कोणते तीन शब्द?"

नर्मदाबाईंची मान खाली होती. ओठ हलत होते, फार कोरडे.

"बैलगाडी..." त्या म्हणाल्या. "कंदील... चिंच..."

सपना म्हणाली, हे नव्हते हो मॅडम. सासूबाईंचा आवाज असा कोरडा, बाप्यासारखा कसा लागतोय, हेही तिला कळेना. उठून पळावं, उद्याच राजीनामा लिहावा, असं आलं नूतनच्या मनात. पण आणखी कुठे जायचं? गावं संपतील, आबांची तहान संपायची नाही. तिने म्हातारीचे दोन्ही हात हातात घेतले, आणि तिला रडू फुटलं.

"बरोबर, आबा. तिन्ही बरोबर. मला यायला उशीर झाला... फार उशीर झाला. आता विसरलात तरी चालेल. पाणी प्या."

सपनाकडची बाटली नर्मदाबाईंनी तोंडाला लावली, ती रिकामी करूनच खाली ठेवली. मग पदराने तोंड पुसलं, आणि आपल्या नेहमीच्या आवाजात सुनेला म्हणाल्या की गाडीची वेळ झाली, चल. नूतनने कागदावर तीनपैकी तीन गुण लिहिले. किती वर्षांनी छाती हलकी झाली होती.

दारापाशी म्हातारी थांबली. सपना पुढे निघून गेली होती. म्हातारी परत आली, नूतनच्या कानाशी वाकली, आणि तिने हळूच तीन शब्द सांगितले. साधेच, घरातले.

"आते तुम्ही ध्यानमा धरा, बाई," आवाज पुन्हा तोच, कोरडा. "मी येसू इचाराले."

संध्याकाळी बोदवड स्टेशनच्या बाकावर नूतन बसून होती. कवाड. जातं. पुन्हा पहिल्यापासून, कवाड, जातं... तिसरा शब्द येत नव्हता, आणि आबा तर विचारायला येणार होते. भुसावळकडे जाणारी एक गाडी आली आणि गेली, ती उठली नाही. घशाला कोरड पडली होती. मांडीवर पाण्याची बाटली भरलेली होती, पण तिचं झाकण उघडायचा तिला धीर होत नव्हता.