दुसरी बॅटरी

ती घरोघरी जाऊन तपासणीसाठी रक्ताचे नमुने गोळा करायची. पाठीला नमुन्यांचा थंड डबा अडकवून दिवसभर इलेक्ट्रिक बाइकवर शहर पालथं घालायचं, संध्याकाळी डबा लॅबमध्ये द्यायचा, मग बाइकची बॅटरी काढून कडेवर घेतल्यासारखी धरायची आणि जिने चढून घरी यायचं. नवरा जहाजावर होता. घरात ती आणि सासरे, दोघंच.

सासऱ्यांचा सगळा जन्म शिंपीकामात गेला होता. डोळ्यांनी दगा दिल्यावर त्यांनी मशीन विकलं आणि मग रिकामपण त्यांना खायला उठलं. बाइक आली आणि त्यांनी बॅटरीचं सगळं स्वतःच्या अंगावर घेतलं.

"आली का माझी नात?" असं म्हणत ते दारातच हात पुढे करायचे. लगेच चार्जिंगला लावायचे नाहीत. "उन्हातून आलीय, तापलीय. निवू दे जरा." मग तिला दारापासून, पडद्यांपासून लांब, कोपऱ्यातल्या उघड्या फरशीवर ठेवायचे. तिच्यावर चुकून टॉवेल पडलेलाही त्यांना खपायचा नाही. शेजाऱ्यांनी देऊ केलेला जुना चार्जर त्यांनी परत पाठवला होता. परक्याचं दूध बाधतं म्हणाले. चार्जिंग चालू असेपर्यंत शेजारी स्टूल टाकून बसायचे, आणि पूर्ण भरायच्या आधीच वायर काढायचे.

"बाबा, खऱ्या नातवाचं तरी एवढं कराल का?" ती हसून विचारायची.

"आण तर खरी, मग बघ."

एका संध्याकाळी ती दारात उभी राहिली तर त्यांनी हात पुढे केलाच नाही. तिच्याकडे बघत राहिले.

"परत कुठे गेली होतीस?"

"परत म्हणजे? आत्ताच येतेय."

"मघाशी आलीस ना. बॅटरी दिलीस, मी..." ते कोपऱ्याकडे वळले. फरशी रिकामी होती. चार्जरची वायर जमिनीवर नुसती पडली होती, टोकाला काही नाही. पण चार्जरवरचा दिवा लाल होता. तो लाल असायचा फक्त बॅटरी भरत असताना.

चार्जर बिघडला असेल, असं ती म्हणाली. तेही हो म्हणाले, पण त्या दिवशी ते स्टुलावर बसले नाहीत.

पुढच्या आठवड्यात असंच पुन्हा झालं. "तू आलीस, पाणी प्यायलीस, आत गेलीस." स्वयंपाकघरात एक ग्लास ओला होता. तिने तो धुऊन पालथा घातला आणि जहाजावर फोन लावला. नवरा म्हणाला, वय झालंय त्यांचं, डॉक्टरांना दाखवून घे. तिलाही तेच वाटत होतं. रोज बॅटरी त्यांच्या हातात देताना तिचा जीव आता थोडा कचरायचा. विसरभोळ्या माणसाकडे असली जोखीम द्यावी का? पण काढून घ्यावी तर म्हातारा खचणार. डॉक्टरांकडे न्यायचं तेवढं तिने नक्की केलं.

मग एके दिवशी ऊन कलता कलता ती जिना चढून आली. डोक्यावर हेल्मेट, हातात बॅटरी. दार उघडंच होतं. आत एक वास होता, गोडसर, नेलपॉलिशच्या बाटलीसारखा, घशाला चिकटणारा.

सासरे स्टुलावर बसले होते. तिची चाहूल लागताच त्यांनी मान न वळवता ओठांवर बोट ठेवलं.

"हळू... झोपलीय ती."

"कोण, बाबा?"

त्यांनी मान वळवली. तिला पाहिलं. तिच्या हातातली बॅटरी पाहिली.

"तू," ते पुटपुटले आणि त्यांनी बेडरूमच्या बंद दाराकडे पाहिलं.

फरशीवर एक बॅटरी चार्जिंगला लावलेली होती. जिन्यावर आपटून तिच्या बॅटरीच्या कडेला ओरखडा पडला होता, तसाच ओरखडा. तिने हौसेने लावलेलं रक्ताच्या थेंबाचं स्टिकर, तेच, तसंच एका कोपऱ्यात सुटलेलं. फक्त या बॅटरीचं पोट फुगलं होतं. प्लास्टिकची शिवण उसवली होती आणि आतून तडतड ऐकू येत होती.

"मी म्हटलं तुला, तापलीय, निवू दे," सासरे म्हणत होते. "तर म्हणालीस, नाही बाबा, आत्ताच लावा..."

हातातली बॅटरी दाराबाहेर ठेवून तिने धावत जाऊन भिंतीतला प्लग उपटला. तडतड थांबली नाही. उसवलेल्या शिवणीतून पांढऱ्या धुराची रेघ वर चढायला लागली.

"बाबा, उठा. बाहेर चला. आत्ताच्या आत्ता!"

"आणि ती?"

"कोणी नाही आत!"

"अगं, सून आहे माझी आत!" त्यांनी तिचा हात झिडकारला. इतकी वर्षं एका घरात राहून त्यांनी कधी तिच्यावर आवाज चढवला नव्हता. ते बेडरूमकडे निघाले. "पोरी, ऊठ! आग लागतेय!"

आतून पलंग करकरला.

"आले, बाबा..."

आवाज तिचाच होता. झोपेतून उठतानाचा, जरा घोगरा.

दाराची मूठ हलली. त्या क्षणी तिने काही ठरवलं नाही, विचार केला नाही. सासऱ्यांना ओलांडून तिचा हात पुढे गेला आणि तिने बाहेरची कडी घातली. मग त्यांच्या कमरेला विळखा घालून, शेजाऱ्यांना हाका मारत, ती त्यांना फरफटत जिन्यावर घेऊन आली. मागे काहीतरी फटकन फुटलं आणि फटाक्यांची माळ लागावी तसं फुटत राहिलं.

आग विझली तेव्हा बाहेरची खोली कोळसा झाली होती. बेडरूमच्या दाराला नुसती झळ लागली होती. बंबवाल्यांपैकी एक जण खाली आला.

"आत कोणी नव्हतं, ताई. बाहेरून कडी होती. खिडकीचे गज जागच्या जागी आहेत. हे तेवढं पलंगावर होतं." त्याने तिच्या हातात एक हेल्मेट दिलं.

तिचं हेल्मेट अजून तिच्या डोक्यावरच होतं. हातातल्याचा पट्टा घामाने ओला होता.

आता ती दोघं दुसऱ्या घरात राहतात. बॅटरी ती लॅबमध्येच, समोर बसून चार्ज करते. डॉक्टरांनी सासऱ्यांना तपासलं. स्मृती उत्तम आहे म्हणाले. ते वेळेवर जेवतात, रेडिओ ऐकतात. पण संध्याकाळी ती घरात शिरली की उठून उभे राहतात, पाहुण्यासमोर उभं राहावं तसे, आणि तिला म्हणतात, "या. बसा."

पहिल्यांदा तिला वाटलं, थट्टा करतायत. मग वाटलं, धक्का बसलाय, ओसरेल. महिने गेले. ओसरला नाही.

काल न राहवून ती त्यांच्या पायाशी बसली. "बाबा, असं परक्यासारखं काय बोलता? मीच आहे हो. तुमची सून."

त्यांनी तिच्याकडे पाहिलं. त्या नजरेत राग नव्हता. अदबच होती.

"असाल," ते हळूच म्हणाले. "पण तुम्ही मला जिन्यावरून ओढत होतात ना... तेव्हा कडीच्या आतून तीही हेच सांगत होती."