ड्रायव्हरच्या मागची सीट

माझ्या भावाला, जेवातला विचाराल, तर तो म्हणेल असं काही घडलंच नाही.

तो खोटं बोलतो.

मी तिथे होते. जे पाहिलं, जे ऐकलं, तेवढंच सांगते. पदरचं एक अक्षर घालत नाही.

गोष्ट गेल्या उन्हाळ्याच्या तोंडावरची. जर्मनीतल्या गेल्सनकिर्शेनमधलं बाबांचं घर. दुसरा मजला. स्वयंपाकघराच्या खिडकीखाली आवार आणि आवारात आमची गाडी. रात्र वगैरे काही नव्हती. रविवारची दुपार होती, बाहेर लख्ख ऊन होतं. रात्र असती तर निदान अंधारावर ढकलता आलं असतं!

बाबा तरुणपणी तुर्कस्तानातल्या योझगातजवळच्या आमच्या गावातून इथल्या कोळशाच्या खाणीत आले. तेव्हापासून दर उन्हाळ्यात आम्ही गाडीनेच गावी जायचो. ऑस्ट्रिया, हंगेरी, सर्बिया, बल्गेरिया, आणि मग आपली सीमा. विमान स्वस्त झालं, तरी आमच्यातली कितीतरी घरं अजून तशीच जातात.

त्या वर्षी फेब्रुवारीत आई गेली. पेटी विमानाने गावी नेली, तिथे पुरलं. आता कबरीवर दगड बसवायचा होता.

"विमानाने जाऊ, बाबा," मी म्हटलं.

"तुझी आई जन्मात कधी विमानात बसली नव्हती, तुलाय. विमान म्हटलं की थरथर कापायची. तुम्ही तिला पेटीत घालून पाठवलीत. मी रस्त्यानेच जाणार."

बाबांच्या डोळ्यांचे पडदे खराब झालेत. डॉक्टरांनी गाडी चालवायला साफ मनाई केलीये. चालवणार होता जेवात. तरी माझा जीव टांगणीला लागला होता. इतका लांबचा रस्ता, थकलेला माणूस... आई गेली होती. बाबाही हातचे जाऊ नयेत, एवढंच माझं म्हणणं होतं.

तर त्या रविवारी टेबलावर नकाशा पसरलेला. चहा, सूर्यफुलाच्या बिया. बाबा भिंग घेऊन नकाशावर वाकलेले.

"हंगेरीत मुक्काम करायचा," मी म्हटलं.

"मुक्काम कसला? मी सरळ सर्बियापर्यंत हाणतो!" जेवात म्हणाला.

"हाण हो, आणि चढव दुभाजकावर," त्याची बायको निल्ग्युन म्हणाली. "गेल्या वर्षी स्टिअरिंगवर कोण घोरत होतं? आई मागून कान पिळत होत्या म्हणून वाचलो."

आम्ही हसलो.

आणि तेवढ्यात...

धाड!

खाली गाडीचं दार आपटलं.

आमच्याच गाडीचं. मागचं डावं दार आपटल्याशिवाय लागतच नाही. तो आवाज आम्ही सगळे ओळखतो.

जेवात खिडकीशी गेला. आवारात चिटपाखरू नव्हतं. गाडी कुलूपबंद.

"वारा असेल," तो म्हणाला.

कुलूपबंद गाडीचं दार वाऱ्याने आपटतं का? मी बाबांकडे पाहिलं. ते नकाशाकडे बघून गालातल्या गालात हसत होते.

तेव्हाच मला पहिला संशय आला.

पुढच्या शनिवारी सामानाची रंगीत तालीम झाली. बाबांचा जुना शिरस्ता. निघायच्या आधी एकदा सगळं भरून बघायचं, मावतं की नाही. नातेवाइकांसाठी कॉफी, चॉकलेट, साबणाच्या पिशव्या... डिकी ओसंडली. उरलेली खोकी आम्ही ड्रायव्हरच्या मागच्या सीटवर रचली.

ती आईची सीट होती. वर्षानुवर्षं ती तिथेच बसायची. काकड्या सोलून पुढे द्यायची आणि बाबांशी भांडत राहायची, त्यांना झोप लागू नये म्हणून.

दुसऱ्या दिवशी खाली गेलो, तर खोकी बाहेर.

फरशीवर. नीट, एकावर एक.

सीट रिकामी होती. आणि रिकाम्या सीटवर... पट्टा लावलेला होता.

"ही कुणाची थट्टा आहे?" जेवात भडकला. "चाव्या दोनच. एक माझ्याकडे, एक बाबांकडे."

"माझ्याकडे काय बघतोस?" बाबा म्हणाले. "मला जिना उतरायला आधार लागतो. मी खोकी उचलणार?"

निल्ग्युनने माझ्याकडे पाहिलं. "ताई, तुम्हालाच हा प्रवास नकोय ना?"

"अगं बाई! म्हणजे मी केलं?"

"मी कुठे तसं म्हटलं?"

म्हटलंच होतं तिने. खरं सांगायचं तर मलाही तिचाच संशय होता. तिला समुद्रावर जायचं होतं सुट्टीला, गावी नव्हे. एका घरातली चार माणसं, आणि चौघंही एकमेकांवर डोळा ठेवून!

जेवातने पट्टा सोडून खोकी परत आत टाकली, तणतणत पुढे बसला आणि गाडी सुरू केली.

टिंग... टिंग... टिंग...

मागे कुणी पट्ट्याविना बसलं की वाजते ती घंटी.

"खोक्यांच्या वजनाने वाजतंय," तो म्हणाला. उतरून त्याने खोकी काढली. सीट मोकळी केली.

टिंग... टिंग... टिंग...

आम्ही चौघंही बाहेर उभे. कुणी गाडीला हात लावलेला नव्हता.

मग आतून आवाज आला.

खट.

घंटी थांबली.

जेवातने वाकून मागे पाहिलं. मी काचेतून बघितलं... पट्टा लागला होता. आणि तो सपाट पडलेला नव्हता हो. पुढे फुगलेला होता, कुणाच्या तरी पोटावरून गेल्यासारखा.

"बिघाड आहे," जेवात म्हणाला.

वर आलो. खालच्या मजल्यावरची सिद्दिकाआत्या चहाला आली होती. बाबांची थोरली बहीण. कंबर गेल्यापासून ती गावी येत नाही. पण आम्ही निघालो की दरवर्षी गाडीमागे भांडंभर पाणी तीच ओतते. आमच्यात तशी रीतच आहे. जाणारं माणूस सुखरूप परत यावं, म्हणून मागे राहणाऱ्याने पाणी ओतायचं.

निल्ग्युनने तिला सगळं सांगितलं. आत्याच्या हातातला पेला टेबलावर कलंडला.

"हिकमेत," ती बाबांना म्हणाली, "माझ्या हातून घात झाला रे."

"काय झालं?"

"तिची पेटी घेऊन गाडी विमानतळाकडे निघाली ना... सगळे रडत होते. माझं डोकं ठिकाणावर नव्हतं. हातात भांडं होतं. गाडी निघाली आणि सवयीने मी... मी मागे पाणी ओतलं."

मेलेल्या माणसामागे पाणी कुणी ओतत नाही. कधीच नाही. ते परत यावं असं कुणाला वाटतं?

"तौबा, तौबा," निल्ग्युन पुटपुटली.

बाबा मात्र शांत होते. "म्हणजे आलीये ती," एवढंच म्हणाले. "जागा धरून बसलीये. तिला परत पोचवायला हवं."

"पोचवायची म्हणजे?" मी ओरडले. "आणि आत्याने याही वेळी पाणी ओतलं तर? ती पुन्हा आपल्याबरोबर इथेच येईल!"

"मग ओतू नका," जेवात म्हणाला.

"नाही ओतलं आणि तुम्हीच परत आला नाहीत तर?" आत्या रडायला लागली. "मी कुणाकुणाला रडू?"

ओतलं तर ती येणार. नाही ओतलं तर आमचं काय होईल, ते सांगता येत नव्हतं. खूप वेळ वादावादी झाली. शेवटी जेवातने नकाशाची घडी घातली. "गाडीने कुणी कुठे जायचं नाही. मी विमानाची तिकिटं काढतो. विषय संपला."

"बरं," बाबा म्हणाले.

नुसतं बरं! ज्या माणसाने जन्मात कुणाचं एका फटक्यात ऐकलं नाही, तो बरं म्हणाला... माझ्या मनात पाल चुकचुकली. पण मी माझ्या घरी निघून गेले.

सकाळी जेवातचा फोन आला. बाबा घरात नव्हते. आवारात गाडी नव्हती.

आत्याने उजाडता उजाडता खिडकीतून पाहिलं होतं त्यांना. "सामान काहीच नव्हतं. आधी त्याने मागचं डावं दार उघडलं. उघडून जरा वेळ उभा राहिला. एखाद्याला बसू द्यावं तसा. मग दार आपटून लावलं. मी भांडं दाखवलं, तर त्याने हातानेच नको म्हटलं."

"मग?"

"मग नाही ओतलं, तुलाय. त्याने नको म्हटलं ना!"

पोलिसांना कळवलं. ते दोन दिवस आम्ही कसे काढले ते आमचं आम्हाला ठाऊक. बाबांचा फोन एकदाच आला, बल्गेरियातल्या कुठल्याशा चहावाल्याच्या फोनवरून.

"बाबा, तुम्हाला दिसत नाही! थांबा तिथेच!"

"मला नाही दिसत," ते म्हणाले. "पण ती सांगते ना... डावीकडे, उजवीकडे. सगळं सांगते."

फोन कटला.

बाबा गावी पोचले. गाडीला साधा ओरखडा नाही. त्यांनी दगड बसवला, जुनं घर उघडलं आणि तिथेच राहिले.

जेवात विमानाने त्यांना आणायला गेला आणि एकटाच परत आला. "हवा मानवलीये त्यांना. बाकी काही नाही," म्हणाला. माझ्याकडे बघतही नव्हता. नंतर निल्ग्युनने हळूच सांगितलं, तो एक रात्रही त्या घरात झोपला नाही. शेजाऱ्यांकडे झोपायचा. का, ते बायकोलाही सांगत नाही.

बाबा शुक्रवारी फोन करतात. आवाज ठणठणीत असतो. इतका आनंदी आवाज मी त्यांचा कधी ऐकला नव्हता, आणि तेच मला खटकतं.

गेल्या शुक्रवारी मी धीर करून विचारलं, "बाबा, तुम्ही परत कधी येणार?"

मग फोनवर हात ठेवल्यासारखा आवाज आला. पलीकडे बाबा हळू आवाजात काहीतरी विचारत होते. थांबले. पुन्हा बोलले. पुन्हा थांबले. दुसरा आवाज मला ऐकू आला नाही. एकदाही नाही.

"ती नको म्हणते," बाबा म्हणाले.

मी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"पण तुम्हा दोघांची आठवण काढते फार. या म्हणते. रस्त्याने या, विमानाने नको."

जेवातने रजा टाकली आहे. मी अजून हो म्हटलेलं नाही.

पण नाही म्हणायलाही जीभ रेटत नाही... माझी आई आहे हो ती.