शिंगवाल्याची दुपारची कॅप्सूल

"चारच द्या. त्या लाल-पिवळ्या कॅप्सूल."

आवाज इतका बसलेला होता, की कोण बोलतंय ते बघायला मी मान वर केली. वाळवंटाकडून येणारा हरमटानचा वारा सुटला होता. त्याची कोरडी धूळ सगळ्यांच्याच पापण्यांवर बसत होती. ह्याच्या पापण्यांवर ती जरा जास्तच शोभत होती... पण हे मी बऱ्याच दिवसांनी कबूल केलं.

"डॉक्टरांची चिठ्ठी?"

"चार कॅप्सूलना चिठ्ठी?"

"अमॉक्सिसिलीन आहे ते. शेंगदाणे नाहीत पसाभर द्यायला."

"चौकातला टपरीवाला न विचारता देतो, मॅडम."

"मग चौकात जा की. इथे पाटीवर माझं नाव आहे."

आहेच. सेर्वा, फार्मसिस्ट. कुमासीला शिकून परत आलेली आमच्या गावातली पहिली. कुणी न विचारताही मी हे सांगते. आई म्हणते, हिचं नाक इतकं वर, की एक दिवस त्यात पाऊस जाईल.

तो हसला, हसता हसता खोकला, आणि समोरच्या दवाखान्यात गेला. तासाभरानं चिठ्ठी घेऊन हजर!

"डॉक्टरांनी घसा बघितला. म्हणाले, हा जंतूंचा आहे, साधी सर्दी असती तर ह्या कॅप्सूलचा काही उपयोग झाला नसता. आता तरी चारच..."

"पूर्ण पाकीट. पेनिसिलीन घेऊन कधी अंगावर पुरळ आलं होतं? ओठ सुजले, धाप लागली?"

"धाप आत्ता लागलीय."

"कशानं?"

"रस्ता ओलांडून धावत आलो ना... दुसरं काय कारण असणार?"

मी पाकिटावर मान खाली घालून लिहीत राहिले. कान मात्र तापले होते. "सकाळी, दुपारी, रात्री एकेक. पाण्याबरोबर. बरं वाटलं तरी संपेपर्यंत सोडायची नाही."

"एखादी चुकली तर पुढच्या वेळी दोन?"

"कधीच नाही. आठवली की घ्यायची. पुढच्या कॅप्सूलची वेळ आलीच असेल, तर चुकलेली सोडून द्यायची."

दुसऱ्या दिवशी नाही, तिसऱ्या दिवशी तो पुन्हा काउंटरवर. काहीच नको होतं त्याला.

"काल यायचं चुकलं. आज दोनदा येऊ?"

"दुप्पट नाही म्हणून सांगितलंय ना?" मी म्हटलं, आणि हसू दाबायला कपाट उघडलं.

त्याचं नाव ओपोकू. नानांच्या, म्हणजे आमच्या राजांच्या, दरबारातला शिंगवाला. शिंग फुंकणाऱ्यांच्या पथकातलं पहिलं, सगळ्यांच्या पुढचं शिंग त्याच्या मामांचं होतं. मामा वारले, आणि आमच्याकडे मामाचा वारसा भाच्याकडे जातो, म्हणून आता ते शिंग ह्याच्याकडे यायचं. येत्या अक्वासिदाएच्या, म्हणजे पूर्वजांच्या रविवारच्या सणाच्या, दरबारात तो पहिल्यांदा सगळ्यांच्या पुढे उभा राहून फुंकणार होता. नाही जमलं, तर मावसभाऊ टपूनच बसला होता.

मग त्याचं येणं बंद झालं. मी म्हटलं, बरा झाला असेल. बरा झाला की येत नाहीत लोक. औषधाच्या दुकानाचं नशीबच ते. तरी दार वाजलं की मान वर व्हायचीच माझी.

आला तो आठवड्यानं. डोळे लाल, अंगात ताप, आवाज तर उरलाच नव्हता.

"पाकीट संपवलं होतंत?"

तो कपाटातल्या बाटल्या मोजू लागला.

"ओपोकू!"

"बरं वाटलं होतं... पथकातले दोघं खोकत होते. त्यांना वाटून टाकल्या. आम्ही एका ताटात जेवणारी माणसं, सेर्वा. आपलं आपण एकट्यानं कसं खायचं?"

"फुफूचा गोळा आहे का तो, ताटात मधे ठेवून सगळ्यांनी हात घालायला? तुमचा घसा अर्धवट राहिला. आणि त्यांच्यापैकी एखाद्याला पेनिसिलीन चालत नसतं तर? श्वास कोंडतो माणसाचा! विचारलं होतंत त्यांना?"

त्याचा चेहरा उतरला. "नाही... एवढं लक्षातच नाही आलं."

मला थांबायला हवं होतं. थांबले नाही. "आणि रविवारी मामांचं शिंग त्या मावसभावाच्या तोंडाला लागलेलं मला बघवणार नाही!"

बसलेल्या घशानंही त्यानं विचारलंच, "तुम्हाला का नाही बघवणार?"

"औषध... माझ्या दुकानचं आहे म्हणून."

"अच्छा. औषधासाठी."

डॉक्टरांनी पुन्हा तपासून पूर्ण औषध पहिल्यापासून सुरू केलं; ते रविवारनंतरही चालणार होतं. त्या दोघांनाही तपासायला बोलावलं. सुदैवानं ते धडधाकट होते. ओपोकू दर दुपारी दुकानात यायचा, पाण्याची पिशवी दातांनी फोडायचा, आणि माझ्याकडे बघत कॅप्सूल गिळायचा. इतकं बघायची गरज नव्हती. मी नको असंही म्हटलं नाही. ताप उतरला, घसा मोकळा झाला. शनिवारी डॉक्टर म्हणाले, फुंक.

"दरबार लांबला तर दुपारची तासभर उशिरा घेतलीत तरी चालेल," मी बजावून सांगितलं.

रविवारी मी निळं कापड नेसून बायकांत बसले. ओपोकूनं मामांचं शिंग ओठाला लावलं. आमच्याकडे शिंग नुसतं वाजत नाही, बोलतं. नानांच्या पूर्वजांची नावं एकेक करून स्वच्छ आली, शेवटचं सर्वात लांब, कुठे चिरकलं नाही की थरथरलं नाही. शेजारच्या म्हाताऱ्या ती नावं पुटपुटत डोळे पुसत होत्या. अभिमानानं माझा ऊर इतका भरून आला, की बसल्या जागी उठून "हा घसा मी सांभाळलाय!" असं ओरडावंसं वाटलं.

ढोल थांबले. ओपोकूनं शिंग शेजाऱ्याच्या हाती दिलं आणि वाकून ओचामेंकडे गेला. नानांशी थेट कुणी बोलत नाही. जे काही असेल ते सोन्याच्या मुठीची काठी धरलेल्या ओचामेंच्या कानात सांगायचं. ते मग चारचौघांत मोठ्यानं सांगतात. आणि पदरचं घातल्याशिवाय त्यांना चैन पडत नाही.

"नाना! आपला शिंगवाला औषध घ्यायची परवानगी मागतो. म्हणतो, दुपारची वेळ झाली, आणि औषधवाल्या सेर्वाचा शब्द एकदा मोडला तेव्हा घसा गेला. दुसऱ्यांदा मोडला तर जीवच जाईल!"

सगळा दरबार हसला. मी कापडाच्या पदरात तोंड लपवलं. तासभर चालेल म्हणून मी सांगितलं होतं त्याला... माहीत होतं त्याला. तरीही भर दरबारात त्यानं माझं नाव घेतलं होतं.

नाना हळूच काहीतरी म्हणाले. ओचामेंनी काठी उचलली. "नाना म्हणतात, घे. आणि पथकातल्यांनो, आपापलं औषध आपण घ्या, उष्टं नको! सेर्वा कुठे आहे? तिला काही बोलायचंय का?"

म्हाताऱ्यांनी मला ढकललंच पुढे. समोर तो, हातात कॅप्सूल, ओठ हसरे आणि डोळे घाबरलेले. एवढा मोठा शिंगवाला, आणि माझ्या एका शब्दासाठी घाबरलेला!

मी ओचामेंच्या कानाशी गेले. "त्यांना सांगा... औषध संपलं, तरी दुकानात येत जा म्हणावं."

ओचामेंनी घसा खाकरला.

"नाना! सेर्वा म्हणते, तिच्या वडिलांच्या घराचं दार उघडं आहे. शिंगवाल्याच्या घरच्या वडीलधाऱ्यांनी मागणी घालायला खुशाल यावं!"

मी एवढं म्हटलंच नव्हतं. पण सगळे माझ्याकडे बघत होते, तो बघत होता, आणि मी मान ताठ ठेवून म्हटलं, "बरोबर सांगितलंत."