एका लग्नाला एकच टँकर

चैत्रा टाकीत उतरली होती, म्हणून तिला तो आलेला दिसलाच नाही.

कुंभकोणममधल्या तिच्या वडिलांच्या मंगल कार्यालयाच्या मागच्या अंगणात जमिनीखाली पाण्याची मोठी टाकी होती. ती एरवी रिकामी होत नसे, त्यामुळे नीट घासलीही जात नसे. त्या वर्षी तमिळ आनी महिना, म्हणजे जूनचा मध्य, लागला तरी मेट्टूरचं धरण उघडलं नव्हतं. कावेरीच्या पात्रात नुसती वाळू तापत होती आणि टाकीचा तळ उघडा पडला होता. तळ दिसतोच आहे तर घासून तरी घ्यावा, म्हणून चैत्रा खराटा घेऊन खाली उतरली. घासता घासता ती एक अभंग म्हणत होती... गोविंदपुरमच्या विठ्ठलमंदिरात लहानपणापासून ऐकलेला. रिकाम्या टाकीत तिचा आवाज तिलाच फार गोड लागत होता.

वर सावली हलली. कार्यालयातला जुना गडी मणी आला असेल असं समजून तिने गाळाची बादली वर धरली आणि ओढ म्हणून तमिळमध्ये फर्मावलं. बादली वर गेली, रिकामी होऊन परत आली. पुन्हा भरली, पुन्हा गेली. मणी काम करतोय आणि कुरकुरत नाही, याचं तिला नवल वाटलं. ती स्वतःशीच मराठीत पुटपुटली, "आज सूर्य कोठें उगवला म्हणावा."

"सूर्याचें मजला ठाऊक नाही," वरून मराठीतच उत्तर आलं. "मी बंगळूराहून आलों आहे."

चैत्रा शिडीवरून वर आली तेव्हा तिच्या गालावर गाळाचा पट्टा होता आणि त्याच्या पांढऱ्या शर्टाचं तर काही विचारायलाच नको होतं. त्याने आधार द्यायला हात पुढे केला. तिने आपल्या बरबटलेल्या हाताकडे पाहिलं, आणि एकटीच वर चढली. तो मात्र हात तसाच ठेवून हसत उभा राहिला.

तंजावरच्या राजांबरोबर तीनशे वर्षांपूर्वी इकडे आलेली ही मराठी आता घराच्या चार भिंतींतच बोलली जाते. उंबरा ओलांडला की तमिळ. म्हणून परक्याच्या तोंडी ती ऐकली की ओळख नसतानाच ओळख निघाल्यासारखं वाटतं. त्याचं नाव विजयराघव. धाकट्या बहिणीचं, दिव्यश्रीचं, लग्न याच कार्यालयात ठरलं होतं आणि वडील नसल्यामुळे सगळी व्यवस्था त्याच्यावर होती.

चैत्राने तोंड धुतलं—अर्ध्या तांब्यात—आणि त्याला नियम सांगितला. गावात नळ एक दिवसाआड येत होता. कार्यालयांना त्या वर्षी एका लग्नाला एकच टँकर मिळायचा.

त्याचे पाहुणे सहाशे होते. एका टँकरात त्यांच्या आंघोळीही होणार नाहीत, असं तो म्हणाला.

"तुमच्या बंगळूराने आमची कावेरी वरच्या वर पिऊन टाकली," चैत्रा म्हणाली. "आतां आंघोळ तिकडूनच करून या."

"आमच्या नळासही पाणी नाही हो. मी गेले दोन महिने बादलीत बसून आंघोळ करतों आहे."

तिला हसू आलं. ते त्याला दिसू नये म्हणून ती बादली उचलायला वाकली, पण त्याने पाहिलंच.

लग्नाला आठवडा होता. विजयराघव राहिला. ऑफिसचं काम तो कार्यालयाच्या ओसरीवर लॅपटॉप मांडीवर घेऊन करायचा आणि मधल्या वेळात चैत्राच्या मागे मागे फिरायचा. पाणी कुठे वाचेल याचा ती दिवसभर विचार करायची. ताटांऐवजी केळीची पानं. घासायला भांडी कमी निघावीत म्हणून पुळियोदरै, म्हणजे चिंचेचा भात, आणि दहीभात. पाहुण्यांना कार्यालयात न उतरवता गावातल्या नातेवाइकांकडे, ज्यांच्या विहिरींना अजून थोडं पाणी होतं त्यांच्याकडे पाठवायचं. तिचे आप्पा, जानकीराम, फोनवर तासन् तास हीच बोलणी करत. विजयराघव ऐकत राही. एकदा त्याने तिला विचारलं, की पाण्याचा एवढा हिशेब मांडणारी मुलगी कॉफी मात्र काठोकाठ भरून का देते. ती म्हणाली, कॉफी सगळ्यांना देत नाही. बोलून गेल्यावर तिच्या लक्षात आलं, की आपण भलतंच बोललो... आणि तो संपूर्ण दिवस तिने त्याच्यासमोर जायचं टाळलं.

पण त्याच्या आईला, राजेश्वरींना, हे काटकसरीचं लग्न पसंत नव्हतं. एकुलत्या एका लेकीचं कार्य. व्याही काय म्हणतील? त्यांनी फोनवरून इतका धोशा लावला, की शेवटी विजयराघवने स्वामीमलैच्या बाजूच्या एका खासगी टँकरवाल्याला सांगून ठेवलं. चैत्राला ते आवडलं नाही. पण लग्न त्यांचं होतं.

लग्नाच्या आदल्या दिवशी हा टँकर आलाच नाही. दुपार कलली तेव्हा चैत्राने स्कूटर काढली, विजयराघव मागे बसला आणि दोघं शोधायला निघाले. एका वळणावर टँकर उभा होता. त्याच्यापुढे रस्त्यावर वीस-पंचवीस बायका प्लास्टिकच्या निळ्या-लाल घागरी मांडून बसल्या होत्या. आरडाओरडा नव्हता. टँकरच्या तोटीतून थेंब थेंब गळत होतं आणि त्याखाली कुणीतरी स्टीलचा पेला ठेवला होता. तो भरला की एक म्हातारी उठून घागरीत ओतायची आणि पेला परत तिथेच ठेवायची.

त्यांच्यातली शिवकामी नावाची बाई उठून पुढे आली. लग्न कुणाचं, असं तिने विचारलं. बहिणीचं, असं विजयराघवने सांगितल्यावर तिने मागे वळून बायकांना रस्ता सोडायला सांगितलं.

"लग्नाचं पाणी अडवलं तर पाप आम्हाला लागेल," ती तमिळमध्ये म्हणाली. "घेऊन जा. पण शेजारच्या शेतातली बोअर हा टँकरवाला रोज उपसतो, आणि आमच्या हातपंपाला आता नुसती हवा येते. तेवढं लक्षात असू दे."

बायका घागरी उचलू लागल्या. रस्ता मोकळा झाला. ड्रायव्हर चढून बसला. विजयराघव मात्र त्या पेल्याकडे बघत उभा होता. चैत्रा स्कूटरपाशीच थांबली. आपण बोललो तर हा आपलं ऐकून करेल, आणि मग ते त्याचं राहणार नाही, असं तिला वाटलं.

"इथेच रिकामा करा," तो ड्रायव्हरला म्हणाला.

मग चैत्राकडे वळला. चेहरा उतरलेला होता. "तूं सांग, एका टँकरात लग्न होतें कीं नाही?"

त्याने पहिल्यांदाच तिला तू म्हटलं होतं. चैत्रा आठवडाभर सगळ्यांना ठासून सांगत होती, की होतं, होतं. आता खरंच करायची वेळ आली होती. सहाशे माणसांचं कार्य तिने असं कधी केलं नव्हतं.

"होईल," ती म्हणाली.

परतताना स्कूटरवर गरम वारा अंगावर येत होता. मागे बसलेल्या माणसाचा श्वास मानेपाशी जाणवत होता, आणि हा रस्ता आणखी लांब असता तरी चाललं असतं, असं तिला वाटून गेलं.

कार्यालयात त्याच दिवशी बंगळूरहून पोचलेल्या राजेश्वरी दारातच उभ्या होत्या. टँकरचं काय झालं? चैत्राने विजयराघवकडे पाहिलं. तो थबकला... आणि म्हणाला, "आला नाही, आई. मिळाला नाही."

एवढंच. मग राजेश्वरी चैत्राला बोलल्या. कार्यालय चालवायचं तर पाण्याची सोय नको का. दुसरं कार्यालय मिळालं असतं. आमच्या मुलीच्या लग्नातच तुम्हाला काटकसर सुचली. चैत्रा उभी राहून ऐकत होती. तो आता बोलेल, मग बोलेल, असं तिला वाटत राहिलं. तो मान खाली घालून उभा होता.

लग्न झालं. पाणी पुरलं, पण कसं पुरलं ते चैत्रालाच ठाऊक. हात धुवायच्या नळांना तिने सकाळीच कापड गुंडाळून टाकलं आणि जेवणं उठू लागल्यावर स्वतः तांब्या घेऊन उभी राहिली. प्रत्येकाच्या ओंजळीत बारीक धार. म्हाताऱ्या माणसांना ते भारी आवडलं. कितीतरी जणांनी ओल्या हातांनीच तिला आशीर्वाद दिला. वराकडच्या काही मंडळींनी नाकंही मुरडली. राजेश्वरींचा चेहरा दिवसभर ताठ होता.

सगळ्यात शेवटी विजयराघव आला. तिने धार धरली. ती मध्येच तुटली. तांब्यातलं पाणी संपलं होतं, बादलीतलंही. तरी त्याने हात मागे घेतले नाहीत.

"मी आईस खरें सांगायला हवें होतें," तो म्हणाला. "लग्नाआधी घरात रडारड नको म्हणून—"

"ती रडारड माझ्या वाट्यास आली," चैत्रा म्हणाली, आणि तांब्या घेऊन आत गेली.

संध्याकाळी बंगळूरची मंडळी निघाली. राजेश्वरींनी तिचा निरोप घेतला नाही. गाडी कोपऱ्यावर वळेपर्यंत चैत्रा खिडकीच्या गजामागे उभी होती.

मग आडी महिना लागला. या महिन्यात इकडे लग्नं होत नाहीत. कार्यालय ओस पडतं. विजयराघवचे मेसेज येऊ लागले. पहिल्यात त्याने माफी मागितली. चैत्राने उत्तर दिलं नाही. पुढच्यात फक्त लिहिलं होतं, की तिकडे डोंगरात पाऊस लागला आहे. मग एक दिवस, कबिनीचं धरण भरत आलं. मग, धरणाचे दरवाजे उघडले. ती उत्तर देत नव्हती, पण सकाळी उठली की आधी फोन बघायची. एकदा त्याने लिहिलं, "पाणी सोडलें आहे. तुजकडे निघालें आहे."

तिने बराच वेळ ते वाचलं. मग लिहिलं, "पोचेल कधी?"

"वाटेत मेट्टूर भरल्याशिवाय पुढें सोडणार नाहीत. पण पोचेल."

पाण्याचं बोलतोय की स्वतःचं, हे तिने विचारलं नाही. आईंस सांगितलं का, एवढंच विचारलं. त्यावर त्या दिवशी उत्तर आलं नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. चैत्रा मनातल्या मनात स्वतःला समजावू लागली, की बरं झालं. आप्पांना सोडून, हे कार्यालय सोडून आपण कुठे बंगळूरला जाणार होतो? मन मात्र समजावलेलं ऐकत नव्हतं. जानकीराम लेकीकडे बघत आणि तिच्यासाठी कॉफी करून आणत.

मेट्टूर उघडल्याची बातमी आली आणि सारं गाव पाण्याची वाट बघू लागलं. ते आज पोचणार असं कळलं त्या सकाळी चैत्रा घाटावर जायला शेवंतीची फुलं काढत होती, तेव्हा फाटक वाजलं. दारात राजेश्वरी. त्यांच्यामागे, जरा अंतर ठेवून, विजयराघव.

राजेश्वरी आत येऊन ओसरीवर बसल्या. पाणी मागितलं, प्यायल्या. मग म्हणाल्या, "ह्याने परवा सांगितलें. मी काय राक्षसीण आहें? तहानलेल्या बायकांच्या पुढून पाणी ओढून आणा म्हटलें असतें मी? मजला विचारलें असतें तर..." त्यांनी रिकामा पेला खाली ठेवला. मग हळू आवाजात म्हणाल्या, "कोण जाणे, त्या दिवशी म्हटलेंही असतें. लेकीचें लग्न होतें." त्यांनी चैत्राचा हात धरून तिला शेजारी बसवलं. "तूं तरी सांगायचें होतेंस. इतकें माझें ऐकून घेतलेंस."

ते तुमच्या मुलाने सांगायचं होतं, असं चैत्रा म्हणाली. विजयराघव खांबाला टेकून उभा होता, त्याने मान डोलावली.

सगळे घाटावर आले. पायऱ्यांवर बायका फुलं आणि हळदकुंकू घेऊन उभ्या होत्या. चैत्रा शेवटच्या पायरीवर उतरली. खाली कोरडी वाळू होती. विजयराघव तिच्याजवळ येऊन उभा राहिला.

"मी बंगळूरास येणार नाही," ती समोर बघत म्हणाली. "आप्पा एकटे आहेत. आणि हें काम मजला आवडतें."

"ठाऊक आहे. पाणी वर चढत नाही, खालीच येतें. मी येतों. ऑफिसात विचारलें आहे, महिन्यातून एकदां तिकडे गेलों तर चालतें." त्याने श्वास घेतला. "पण तूं हो म्हटलेंस तर. त्या दिवशी मी गप्प बसलों, चैत्रा. पुन्हा तुझ्या बाबतीत गप्प बसणार नाही."

तेवढ्यात वरच्या बाजूला गलका झाला. वळणावरून पाणी येत होतं. मोठा लोंढा वगैरे काही नव्हता. घोट्याएवढं, मातकट, पुढे फेस आणि वाळकी पानं आणि कुणाची तरी तुटकी चप्पल ढकलत, वाळूत वाट शोधत येणारं पाणी. वाळू ते पीत होती आणि तरी ते पुढे सरकत होतं. बायकांनी फुलं टाकली. कुणी रडत होतं. चैत्राच्या हातातली फुलं टाकायची राहूनच गेली.

"आडी सरला कीं आवणीत मुहूर्त आहेत," ती म्हणाली. "पण नियम तोच. एका लग्नाला एकच टँकर."

तो हसला नाही. त्याने फक्त हात पुढे केला आणि तिने तो धरला. पाणी घाटाला येऊन लागलं, शेवटच्या पायरीवर चढलं, तिच्या साडीच्या काठाला भिडलं.

"वर ये, भिजशील," तो म्हणाला.

"भिजूं दे," चैत्रा म्हणाली, आणि तिथेच उभी राहिली.