आतल्या बाजूची खिटी

भुताची गोष्ट म्हटली की लोकांना मध्यरात्र लागते, वारा लागतो, कुत्रं रडायला लागतं. माझ्याकडे तसलं काही नाही.

ही दुपारी चारची गोष्ट आहे. आणि खरी आहे.

मंगळवार, ५ फेब्रुवारी १९६३. इंग्लंडातलं विलनहॉल गाव, आमचं राहतं घर, माडीवरची मागची खोली. मी हिल्डा बॅगट. आज वय एक्क्याऐंशी, डोकं ठिकाणावर आहे. नाही पटलं तर सोडून द्या, मला कुणाची साक्ष काढायची नाही.

आधी कुलपाचं सांगते, नाहीतर पुढचं कळायचं नाही.

आमच्या गावात पिढ्यान् पिढ्या कुलपंच बनली. घरामागच्या अंगणात प्रत्येकाचं वर्कशॉप. सकाळपासून सगळी गल्ली ठोकत असायची. माझे बाबा, जोब बॅगट, पेटीकुलपं करायचे. म्हणजे दाराच्या आतल्या अंगावर चार स्क्रूंनी बसणारी लोखंडी पेटी. काळा रंग, पितळी मूठ, नि खालच्या कडेला दार अडकवायची एक छोटी सरकती खिटी. किल्ली दोन्हीकडून चालते. खिटी मात्र पेटीच्या बाजूला असलेल्या माणसालाच सरकवता येते. पेटी आत, तर आतून. बाहेरून तिला कुणीही हलवू शकत नाही.

एवढं लक्षात ठेवा.

पुढे दाराच्या जाडीत कोरून बसवायची कुलपं आली, तेव्हा बाबा फार चिडले. "दाराचं पोट फाडून आत दडून बसतं, ते कुलूप आहे की चोर? कुलूप कसं समोर दिसलं पाहिजे. चार स्क्रू काढले की सगळं हातात." पन्नास वर्षं वाइसच्या पकडीवर वाकून कानस चालवली, त्यानं उजव्या खांद्याला कुबड आलं होतं. ते दाखवून म्हणायचे, "हे माझं सर्टिफिकेट."

आजही जुनी घरं घेणारे लोक असलं कुलूप शोधत माझ्याकडे येतात. एका पोराला मी विचारलं, काय ठेवलंय रे त्या लोखंडात? म्हणाला, "आजी, हे लागलं की कळतं. खट्ट वाजतं."



त्या हिवाळ्यात नाताळच्या दुसऱ्या दिवशी जो बर्फ पडला तो मार्चपर्यंत हलला नाही. बाबा चौऱ्याहत्तर वर्षांचे. आई जाऊन सहा वर्षं झालेली. बाबांना आता दिवस-वार कळेनासे झाले होते. नुसत्या झोपायच्या सदऱ्यावर, अनवाणी, बर्फातून वर्कशॉपकडे निघायचे. दोनदा शेजारच्या पर्सलोबाईंनी धरून आणलं.

"अगं हिल्डा, तुझा बाप परत निघालाय बघ. पायात मोजासुद्धा नाही."

"बाबा, कुठे निघालात?"

"डझनभर पेट्या व्हायच्यात. तुझ्या बापानं करायच्या का?"

"माझ्या बापानंच करायच्यात. पण आज नाही."

मग हसायचे. हसले की आमचे जुने बाबा दिसायचे.

माझी किल्ल्यांच्या कारखान्यात एक ते चार पाळी. ती सोडून भागणार नव्हतं. आणि बर्फात ते पडले असते तर अर्ध्या तासात संपले असते.

म्हणून मी त्यांच्या खोलीचं कुलूप काढलं. आणि दाराच्या बाहेरच्या अंगावर बसवलं.

पेटीची बाजू बदलली की ती उलटी बसते. खालची खिटी वर येते. चौकटीला पटाशीनं खाच पाडली. कुलूपवाल्याची पोर मी, अर्ध्या तासाचं काम. बाबा पलंगावरून बघत होते.

"उलटं बसवतेयस, पोरी."

"माहितीये."

"मग कुणासाठी बसवतेयस?"

मी शेवटचा स्क्रू पिळला.

अकरा दिवस असंच चाललं. पाऊण वाजता त्यांना खाऊ घालायचं, खिटी सरकवायची, कामाला जायचं. सव्वाचारला येऊन उघडायचं. माझं पाऊल जिन्यावर वाजलं की आतून आवाज यायचा, "आली का?"

बाराव्या दिवशी, त्या मंगळवारी, सिरिलनं मला चहाला बोलावलं. आमच्याच कारखान्यात माल पाठवायच्या खात्यात होता, विधुर. "एक कप, हिल्डा. बर्फ काय पळून जातोय?"

खोली उबदार होती. रेडिओ चालू होता. त्यानं डब्यातले पीच काढले. आई गेल्यापासून मला कुणी आयता चहा करून दिला नव्हता. घड्याळाकडे मी दोनदा बघितलं. बघितलं, नि बसून राहिले.

घरी आले तेव्हा पावणेसहा झाले होते.

जिन्यावर पाऊल वाजलं, पण आतून काहीच आलं नाही...

खिटी सरकवली. तरी दार उघडेना. पलीकडून ओझं होतं.

बाबा दाराला पाठ लावून बसले होते. गार. दोन्ही हातांची बोटं सोललेली.

आता जे सांगते ते पन्नास वर्षांत मी तोंडावाटे काढलं नव्हतं. एकदा सोडून, ते पुढे येईलच. बाबांना पलंगावर घेतलं, हात पांघरुणाखाली घातले, आणि डॉक्टर बोलवायच्या आधी मी स्क्रू ड्रायव्हर आणला. कुलूप परत आत बसवलं. बाहेरची भोकं नि चौकटीची खाच पुट्टीनं बुजवली. बाबा तिथेच होते. आधी कुलूप, मग डॉक्टर. असली मुलगी मी.

डॉक्टर म्हणाले, हृदय थांबलं, झोपेत गेले.

पर्सलोबाई माझा हात धरून म्हणाल्या, "झोपेत कुठले गं? चारपासून तासभर ठोकत होता की. म्हटलं जोब उठून कामाला लागला. किती बरं वाटलं मला."

आमच्या गल्लीत ठोकण्याकडे कोण लक्ष देणार?

मातीनंतर आठवा दिवस. कारखान्यात मी आता सकाळची पाळी मागून घेतली होती. पर्सलोबाई लेकीकडे गेल्या होत्या. मी एकटीच, खाली स्वयंपाकघरात बटाटे सोलत होते. चार वाजले.

वरून आवाज आला...

सर्रर्र. खट्ट.

खिटीचा आवाज मी झोपेतही ओळखते. वर गेले. मूठ फिरवली. मूठ फिरली, दार हललं नाही.

आतून खिटी लागली होती.

अंगणातून शिडी लावून खिडकीतून बघितलं. पलंग, खुर्ची, भिंतीवर त्यांची टोपी. कोणी नाही. पलंगाखालीसुद्धा कोणी नाही. आणि दारावर खिटी पूर्ण सरकलेली, मला शिडीवरून दिसत होती.

पाच वाजता पुन्हा सर्रर्र. दार उघडं.

दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी तेच. चार ते पाच.

ठोकणं कधीच आलं नाही. मला वाटायचं, यावं. ठोकलं असतं तर मी काहीतरी बोलले असते. पण आत कुणीतरी नुसतं गप्प बसून राहायचं, आणि मी बाहेर.

सिरिलला एकदा बोलावलं. त्यानं खांदा लावला, कपाळाचा घाम पुसला. "स्प्रिंग गेलीय. काढून टाक हे जुनाट धूड, नवं आत कोरून बसवून देतो."

"हात लावायचा नाही."

"अगं, कुलूपच आहे ना?"

त्याच्याकडे बघवेना मला. त्या दिवशीचे पीच आठवत. बिचाऱ्याचा काय दोष? पण उन्हाळा लागेपर्यंत त्यानं यायचं सोडलं. पुढच्या वर्षी पर्सलोबाई लेकीकडेच कायमच्या राहायला गेल्या. भिंतीपलीकडचं घर रिकामं पडलं. गल्लीतली वर्कशॉपंही एकेक करून बंद झाली. इतकी शांतता मी जन्मात ऐकली नव्हती.

वर्षश्राद्ध वगैरे आमच्यात नसतं. पण वर्षानं ५ फेब्रुवारी आली तेव्हा मी खुर्ची घेऊन त्या दाराबाहेर बसले. चार वाजले. खिटी लागली.

मी दाराला तोंड लावून सगळं सांगितलं.

"बाबा, सगळ्यांना सांगितलं तशी बस चुकली नव्हती माझी. मी सिरिलकडे चहा पीत होते. तुम्ही वाट बघताय हे मला माहीत होतं. घड्याळ बघितलं नि बसून राहिले. आणि मग लोकांना कळू नये म्हणून आधी कुलूप फिरवलं. तुम्ही तसेच पडलेले असताना. बाबा, चुकलं माझं."

काहीच नाही.

रडू आलं ते आवरेना. कपाळ दाराला टेकून बसले.

आणि मग...

सर्रर्र.

सव्वाचार. पाच वाजले नव्हते.

दार आपणहून दोन बोटं उघडलं. मी आत गेले. खोली रिकामी होती. थंड होती. पण दाराजवळची जमीन, ते बसले होते तिथली, हाताला कोमट लागली.

मी तिथेच खाली बसले. काय वाटलं सांगू? बरं वाटलं. वर्षात पहिल्यांदा घरात कुणीतरी आहे असं वाटलं.

तेवढ्यात माझ्या डोक्यामागे...

सर्रर्र. खट्ट.

दार लागलं होतं. आतून. म्हणजे लावणारा माझ्या बाजूला होता.

मी वळून बघितलं नाही. पाच वाजले, उठले, माझ्या हातानं खिटी सरकवली. सहज सरकली. बाहेर आले.

तेव्हापासून रोज चारला मी त्या खोलीत जाते. पन्नास वर्षं झाली. खिटी मी लावत नाही. ती लागते. मी त्यांना गल्लीतलं सांगते, कोण मेलं, कुणाचं घर पाडलं, भाजी काय केली. उत्तर येत नाही. पण मला एकटं वाटत नाही. बाकीचे तेवीस तास वाटतं.

डॉक्टर, पाद्री, नगरपालिकेची ती पोर, सगळे म्हणतात, बाई, वृद्धाश्रमात चला. मी नाही म्हणते. कारण कुणाला सांगू?

एकच गोष्ट आहे, म्हणून हे लिहायला घेतलं.

गेल्या हिवाळ्यापासून पाचला खिटी सरकवताना जड जाते. आधी वाटलं, हातातला जोर गेला. तेल घातलं. पेटी उघडून आतलं सगळं पुसलं. बाबांच्या हातचं काम, एक दात झिजलेला नाही.

सोमवारी दोन्ही हातांनी ढकलली. हलली नाही.

पाच वाजले, सव्वापाच वाजले. खिडकीबाहेर अंधार पडला. खोली गार होत गेली. शेवटी मी दार ठोकलं. आतून. मुठीनं, मग बोटांनी. घरात दुसरं कोणी नाही हे ठाऊक असूनही ठोकत राहिले. पलीकडच्या घरात आता कुणी नवे राहतात, त्यांना ऐकू गेलं असेल. काय समजले असतील देव जाणे.

मग ती सरकली. किती वाजता, ते मी बघितलं नाही. बघायचं धाडस झालं नाही.

बोटं अजून दुखतायत.

आता त्या खोलीत जाऊ नये, एवढं मलाही कळतं. पण मी नाही गेले, तर बाबा आत एकटेच बसून राहतील. एकदा बसवलं त्यांना तसं.

चारला पाच मिनिटं आहेत. जिना चढायला मला तेवढा वेळ लागतोच.