पाणचक्की काय खाते?

कोठारात ज्वारीची पोती छताला टेकली होती, आणि तरी परवापासून वस्तीवरची अठ्ठावन्न माणसं उपाशी राहणार होती. आहे की नाही कोडं?

वस्ती होती मंगळावरच्या एका गुहेत. वीज यायची बाहेरच्या सौरपट्ट्यांतून (उन्हाची वीज करणाऱ्या फळ्यांतून), आणि धुळीच्या वादळात एकोणीस दिवस ऊन पडलं नव्हतं. उरलेली वीज हवा शुद्ध करण्यात संपायची. गिरणी बंद होती. अख्खी ज्वारी शिजवायची तर शेगडी दोन तास चालू ठेवावी लागणार, आणि रोज मिळायची जेमतेम पंधरा मिनिटं. तेवढ्यात पिठाची पेज होते, पण पीठ दोनच दिवसांचं उरलं होतं.

"मग हातानं दळू या की!" अकरा वर्षांची शर्वाणी म्हणाली.

"दळणाऱ्याला धाप लागते, बाळा," आजोबा म्हणाले. पृथ्वीवर असताना ते धरणं बांधायचे. "धाप लागली की हवा जास्त लागते. आणि हवाच तर मोजून मिळतेय."

शर्वाणीने पाळण्याकडे पाहिलं. तिचा आठ महिन्यांचा भाऊ मल्हार नुकताच पेज खायला शिकला होता. वाटी दिसली की पाय झाडायचा.

"पृथ्वीवर नव्या मुलखात राहायला गेलेली माणसं काय करायची हो? त्यांच्याकडे तरी कुठं वीज होती?"

आजोबांचे डोळे चमकले. "ती आधी ओढा बघायची. ओढ्यावर पाणचक्की (पाण्याच्या जोरावर फिरणारं जातं) बसवायची. नाहीतर धान्याची पोती घेऊन दोन-दोन दिवस चालत दुसऱ्या गावची चक्की गाठावी लागे. चक्की झाली की तिच्याभोवती गाव वाढे."

ओढा तर इथंही होता! वरच्या कपारीतून कोमट झरा यायचा आणि झाकलेल्या पन्हळीतून (उतरत्या नळातून) खालच्या टाकीत जायचा. शर्वाणीने जुन्या पेट्यांच्या पत्र्याचं चाक केलं, पन्हळीचं एक झाकण काढलं आणि चाकाची पाती पाण्यात बुडवली. चाक फिरलं. वस्तीवरच्या हातजात्याला जोडलं आणि ते गप्पकन थांबलं.

बिचारीला रडूच कोसळलं.

"चूक तुझी नाही, आपल्या सगळ्यांच्या भीतीची आहे," आजोबा म्हणाले. "झरा सापडण्याआधी दोन वर्षं आपण बर्फ वितळवून घोट घोट प्यायलो. तेव्हापासून पाणी दिसलं की झाकायचं, आणि हळूच उतरवायचं. कुठं पडू म्हणून द्यायचं नाही! पण पाण्याचं बळ पडण्यातच आहे. उंचावरच्या पाण्यात स्थितिज ऊर्जा (उंचीमुळे साठलेली ताकद) असते. खाली येताना तिची गतिज ऊर्जा (हालचालीची ताकद) होते. हळू उतरवलं तर ती ताकद पन्हळीला घासून वाया जाते."

"म्हणजे पाणी चाकाच्या डोक्यावर सोडायचं?"

"चाकाला डबे लावून. डबे भरले की त्यांच्या वजनानं ती बाजू खाली जाते. मात्र मंगळावर वजन अडीच पटीनं कमी. म्हणून चाक चांगलं तीन मीटर उंच हवं."

वस्तीचं पाणी अनसूयाताईंच्या ताब्यात होतं. त्या एकदम कडाडल्या, "उघड्यावर पाणी सोडायचं? गुहेची कोरडी हवा ते पिऊन टाकेल! भूक तरी सोसता येईल, तहान नाही."

शर्वाणी पुढे झाली. "ताई, चक्की पाणी खात नाही. ती फक्त त्याची उंची खाते. जेवढं पाणी वर, तेवढंच खाली. आणि चाकावर आपण रोपांच्या मांडवाचं प्लॅस्टिक टाकू. वाफसुद्धा बाहेर जाणार नाही."

अनसूयाताईंनी टाकीत येणारी धार मोजून ठेवली. मग म्हणाल्या, "एक तास. टाकीत येणारी धार थोडी जरी कमी झाली, तरी बंद."

दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत सगळ्यांनी मिळून डब्यांचं तीन मीटर उंच चाक कपारीखाली उभं केलं आणि जात्याला जोडलं. पाणी सुटलं. पहिला डबा भरला, दुसरा भरला, आणि चाक हलेचना! अनसूयाताईंचा हात झडपेकडे गेला. तिसरा डबा भरताच चाक कुरकुरलं, झुकलं आणि फिरू लागलं. खाली जातं घरघरलं.

"एका माणसाच्या हाताइतकंच बळ आहे," आजोबा म्हणाले, "पण हा गडी रात्रंदिवस दळेल, आणि श्वाससुद्धा घेणार नाही."

तासाभराने जात्याखाली किलोभर पीठ जमलं होतं. अनसूयाताईंनी टाकीत येणारी धार तीनदा मोजली. धार तेवढीच होती. त्यांनी चिमूटभर पीठ बोटांत चोळून पाहिलं, आणि त्यांचे डोळे भरून आले.

शर्वाणी मात्र चाकाखालून टाकीकडे जाणाऱ्या पन्हळीकडे बघत होती. "ताई, इथून पुढे अजून नऊ मीटर उतार आहे. तिथं वीज करणारं चाक बसलं, तर वादळातही आपला दिवा जळेल."

अनसूयाताईंनी डोळे पुसले, पाना उचलला आणि आपल्या हातांनी पन्हळीचं पुढचं झाकण काढलं.