साखळीतलं दुसरं कुलूप

"पौर्णिमा बेटी, गोदामातली सारी तूर गायब झाली अन् आळ माह्या इमरानवर घेऊन राहिले!"

कुलसुमबींचा फोन ठेवला आणि वकील पौर्णिमानं अमरावतीहून गाडी थेट अकोल्याला काढली. कुलसुमबींचे शोहर गयासुद्दीन आणि केशवराव यांची दालमिल जुनी. गयासुद्दीन वारले, तेव्हा करारात ठरल्याप्रमाणे कुलसुमबी भागीदार झाल्या. इमरान त्यांचा मुलगा.

गोदामापुढे केशवरावांचा रोहित कागद फडफडवत उभा होता. पुण्याहून शिकून आल्यापासून स्वारी भलतीच तोऱ्यात असायची. केशवराव खुर्चीत मान खाली घालून बसलेले.

"चाची, भागीदारी सोडते म्हणून सही करा. नाहीतर इमरानचं नाव पोलिसांत देतो."

"जीव गेला तरी करत नाई!" कुलसुमबी कडाडल्या. "माह्या माणसाचा घाम जिरला हाय अठी."

पौर्णिमा दाराशी वाकली. साखळी लोंबत होती. तिच्या टोकाच्या कडीत कुलसुमबींचं पितळी कुलूप, बंद आणि धड. केशवरावांचं लोखंडी कुलूप खाली पडलेलं, दांडी करवतीनं कापलेली. कुलपात उरलेलं दांडीचं कापलेलं टोक तिनं चिमटीत धरून ओढलं. ते अलगद बाहेर आलं. तिनं ते मुकाट्यानं मुठीत ठेवलं.

"रोहित, चोर शिरला कसा?"

"बाबांचं कुलूप कापलं. चाचींचं किल्लीनं उघडलं, मग परत लावलं. दोन्ही काढल्याशिवाय दार उघडत नाही. आणि चाचींची किल्ली इमरानकडे असते."

"रोज सकाळी गोदाम कोण उघडतं?"

"मीच. बाबांचे गुडघे दुखतात."

"आणि तुमच्या कुलपाची किल्ली?"

"एकच आहे. माझ्या खिशात."

"मग रोज सकाळी इमरानला बोलावता?"

रोहितनं नजर हातातल्या कागदात घातली.

"केशवराव, तुम्हीच सांगा. कुलपं कशी लावता?"

म्हातारा पोराकडं बघत राहिला. मग एकदम उसळून म्हणाला, "साखळीच्या एकेका टोकाले एकेक, अन् दोन्ही एकमेकात अडकवतो! कोणतंबी एक काढलं का साखळी सुटते. गयासभाईचीच रीत ती. म्हणे, भागीदारावर भरोसा नसंल तं मिल काढाची कायले?"

"कायद्याचाही पाया तोच," पौर्णिमा म्हणाली. "आधी कराराच्या कायद्यात होता, बत्तीस सालापासून भागीदारीच्या स्वतंत्र कायद्यात आला. धंद्यासाठी एकानं केलेलं दोघांना बांधतं. आता ऐका. इमरानला चोरी करायची असती तर स्वतःचं कुलूप काढलं असतं, करवत कशाला लागते? बाहेरचा चोर म्हणावं, तर बंद कुलूप कापल्यावर दांडीचं टोक आतच घट्ट राहतं." तिनं मूठ उघडली. "हे ओढताच हातात आलं. म्हणजे आधी किल्लीनं उघडलं, मग देखाव्यासाठी कापलं. किल्ली एकच, आणि ती कुणाच्या खिशात आहे हे त्यानंच सांगितलं."

"पण मी आमचाच माल कशाला चोरू?" रोहित ओरडला.

"तुमचा नाही, दोघांचा. तुम्ही तर भागीदारही नाही! मनात आलं म्हणून भागीदाराला हाकलता येत नाही, हे तुम्हाला ठाऊक होतं. म्हणून पोराच्या अटकेची भीती घालून त्यांनाच जायला लावत होता."

"रोहित! माल कुठी हाय?" केशवराव खुर्चीतून उठले.

"बडनेऱ्याला... मामाच्या शेडमध्ये."

केशवरावांनी हात जोडले. "भाभी, मले माफ करा. मले शक आला होता, पण पोटच्या पोरासाठी गप्प बसलो. तुमी म्हणान तं मिल बंद करू, हिस्से वेगळे करू."

"काहून बंद करू?" कुलसुमबींनी तो कागद टराटरा फाडला. "यानं म्हटलं म्हणून गेली नाई, आता तुमी रडता म्हणून जाऊ? माल आज परत आला पायजे. माह्या इमरानची माफी साऱ्या हमालांपुढं मागाची. अन् केशवभाऊ, नवं कुलूप आणा, माह्याच कुलपात अडकवा, पहिल्यासारखं."

मग त्यांनी रोहितपुढं तळहात पसरला.

"जुनी किल्ली दे इकडं. नवी तुह्या बापाजवळच राहीन."

रोहितनं खिशात हात घातला.